वाचकांचे प्रश्न : वाढत जाणाऱ्या नोंदी आणि त्यांचे कप्पे

प्रश्न : आमच्या केळी उत्पादक गटासाठी माझ्या भाच्याने खात्यांचा एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. तेव्हा खाती तीनशेच्या आत होती, म्हणून त्याने फाइलमध्ये ४०० कप्पे केले. खाते क्रमांकाला ४०० ने भागून जी बाकी उरेल, त्या क्रमांकाच्या कप्प्यात ते खाते ठेवायचे, अशी योजना होती. आता खाती ६,४०० झाली असून पावती निघेपर्यंत ट्रकवाले ताटकळतात. भाच्याने कप्पे ४०० चे ५०० केले आणि पहिली पंधरा-वीस खाती उघडून पाहिली. ती बिनचूक निघाली. दुसऱ्या दिवशी मात्र बहुतेकांची खाती ‘सापडत नाही’ असे येऊ लागले. मग सगळी फाइल रात्रीतून नव्याने रचायला घेतली, तर मध्येच लाइट गेली. आमचे नेमके कुठे चुकले? (एक वाचक, रावेर)

उत्तर : आपल्या भाच्याने जी योजना केली तिला हॅशिंग म्हणतात, आणि ती मुळात चुकीची नाही. धुळ्याच्या जुन्या पेठेत गल्ल्यांना क्रमांक आहेत. ‘गल्ली नंबर चार’ एवढे कळले की माणूस बाकीच्या गल्ल्या न धुंडाळता थेट चौथ्या गल्लीत शिरतो. हॅशिंगमध्ये हा गल्लीचा क्रमांक कोणी वेगळा सांगावा लागत नाही. नोंदीच्या किल्लीवरूनच, म्हणजे येथे खाते क्रमांकावरून, तो गणिताने काढता येतो. आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी ही कल्पना १९५३ मध्ये एका अंतर्गत टिपणात मांडली होती. गल्लीत चार घरे असतील तर हवे ते घर लगेच सापडते. आपल्याकडे मात्र ६,४०० खाती ४०० कप्प्यांत बसली आहेत, म्हणजे प्रत्येक कप्प्यात सरासरी सोळा, आणि हवे ते खाते सापडेपर्यंत ती एकामागून एक चाळावी लागतात. ट्रकवाले ताटकळतात ते यामुळे.

कप्प्यांची संख्या बदलली की पत्ता काढण्याचे गणितही बदलते, ही गोष्ट भाच्याच्या लक्षात आली नाही. खाते क्रमांक ४०० घ्या. त्याला ४०० ने भागल्यास बाकी शून्य, म्हणून ते शून्य क्रमांकाच्या कप्प्यात ठेवलेले आहे. ५०० ने भागल्यास बाकी ४००, म्हणून नवा प्रोग्रॅम ते ४०० व्या कप्प्यात शोधतो आणि हात हलवत परत येतो. खाते हरवलेले नाही, फक्त पत्ता फिरला आहे. आता भाच्याच्या तपासणीत हे का दिसले नाही ते पाहा, कारण या प्रकरणातला सर्वांत बोधक भाग मला तोच वाटतो. खाते १ ते ३९९ यांची बाकी ४०० ने भागले काय आणि ५०० ने भागले काय, तीच राहते. त्यामुळे जुनीजाणती, अगदी पहिल्या दिवसापासूनची खाती व्यवस्थित उघडली आणि त्याला वाटले की काम झाले. पुढे २,००० ते २,३९९, ४,००० ते ४,३९९ आणि ६,००० ते ६,३९९ या पट्ट्यांतली खातीसुद्धा सापडली असतील, बाकी कोणतीच नाहीत. म्हणजे ६,४०० पैकी १,५९९ खाती जागेवर आणि उरलेली बेपत्ता. अशा बदलानंतर तपासणीसाठी खाती निवडायची ती मधूनमधून, सरमिसळ निवडावीत. वहीचे पहिले पान पाहून वही तपासली असे होत नाही.

कप्पे वाढवायचेच होते, तर ते ४०० वरून ८०० करायला हवे होते. संख्या दुप्पट केली की प्रत्येक जुन्या कप्प्यातली खाती दोनच ठिकाणी जाऊ शकतात : एक तर ती आहेत तिथेच राहतात, नाही तर बरोबर ४०० कप्पे पुढे सरकतात. सहाव्या कप्प्यातले खाते सहाव्यात राहील किंवा ४०६ व्यात जाईल, तिसरीकडे कुठेही जाणार नाही. साधारण निम्मी खाती अजिबात हलत नाहीत. हिशेब केला तर दुपटीची ही पद्धत महागही नाही, कारण एकूण वाढीवर वाटला तर प्रत्येक नोंदीच्या वाट्याला अगदी थोडा खर्च येतो. अडचण सरासरीत नसून त्या एका रात्रीत आहे : इतर दिवशी सगळे सुरळीत, आणि ज्या दिवशी दुप्पट करण्याची वेळ येईल त्या दिवशी सगळी फाइल उपसायची. माल भरून ट्रक उभा आहे आणि त्याच वेळी वखारच रिकामी करून पुन्हा लावायला घेतली, असा तो प्रकार होतो.

वीज गेल्यामुळे आपली फाइल अर्धी जुन्या गणिताची आणि अर्धी नव्या गणिताची झाली असणार. तूर्त करण्याजोगे एकच आहे. फाइल पहिल्या कप्प्यापासून शेवटच्या कप्प्यापर्यंत ओळीने वाचावी, पत्त्यावर विश्वास न ठेवता प्रत्येक खाते उचलावे आणि ते वेगळ्या, नव्या फाइलमध्ये नव्या पत्त्यावर लिहावे. एकच खाते दोनदा आढळल्यास ज्यात शेवटची पावती आहे ते ठेवावे. नवी फाइल पूर्ण झाली, मोजणी जुळली, की मगच जुनीचे नाव बदलून नवीला ते द्यावे. जुन्या फाइलमध्येच खोडाखोड करीत पुनर्रचना करणे हा धोक्याचा मार्ग आहे, आणि आपल्याकडच्या विजेचा भरवसा लक्षात घेता तो कोणीच धरू नये. कायमचा उपाय मात्र वेगळा आहे. सगळी फाइल एकदम न हलवता एका वेळी एकच कप्पा फोडत जायचे, म्हणजे वाढीचा खर्च हप्त्याहप्त्याने भरायचा. पुढच्या प्रश्नाचे उत्तर त्याबद्दलच आहे. ते भाच्याला जरूर वाचायला द्यावे.

प्रश्न : आम्हाला अभ्यासक्रमात ‘एक्स्टेंडिबल हॅशिंग’ आणि ‘लिनियर हॅशिंग’ असे दोन्ही प्रकार आहेत. दोन्हींत कप्पा भरला की त्याचे दोन होतात, मग फरक काय? आणि प्रत्यक्षात वापरतात कोणता? (संगणकशास्त्राचा विद्यार्थी, धुळे)

उत्तर : ‘कप्पा भरला की त्याचे दोन होतात’ हे वाक्य पहिल्या प्रकाराला लागू पडते, दुसऱ्याला नाही, आपला गोंधळ तिथेच सुरू झाला आहे.

आधी थोडा इतिहास, कारण तो मजेदार आहे. वाढत्या फाइलचा हा प्रश्न लागोपाठ तीन वर्षांत तीन ठिकाणी सुटला. १९७८ मध्ये पेर-ओके लार्सन यांनी ‘डायनॅमिक हॅशिंग’ मांडले, १९७९ मध्ये फॅगिन, नीव्हरगेल्ट, पिपेंजर आणि स्ट्राँग या चौघांनी ‘एक्स्टेंडिबल हॅशिंग’, आणि १९८० मध्ये विटोल्ड लिट्विन यांनी ‘लिनियर हॅशिंग’. येथे कप्पा म्हणजे डिस्कवरचे एक पान समजावे, ज्यात ठरावीक नोंदी मावतात. पान वाचायला वेळ लागतो, म्हणून कमीत कमी पाने वाचून नोंद गाठणे हे सर्वांचे उद्दिष्ट होते.

एक्स्टेंडिबल हॅशिंग समजण्यासाठी लांब जायला नको, आपल्या खानदेशाकडेच पाहा. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता. त्या वर्षी त्याचे पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. पूर्वेचा भाग पुढे जळगाव जिल्हा आणि पश्चिमेचा धुळे जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. जळगाव मात्र होता तसाच राहिला. आता प्रत्येक जिल्हा म्हणजे एक कप्पा माना आणि नोंदीचा पत्ता शून्य-एकच्या अंकांत लिहा. एकच जिल्हा होता तोवर एकही अंक पाहण्याची गरज नव्हती. १९०६ नंतर पहिला अंक पाहावा लागला : शून्य म्हणजे पश्चिम, एक म्हणजे पूर्व. १९९८ मध्ये पश्चिमेचा कप्पा फुटला, म्हणून तिथे दोन अंक लागले : ००ला धुळे, ०१ला नंदुरबार. पण मग यादीत, म्हणजे ज्याला डिरेक्टरी म्हणतात त्या तक्त्यात, ०० आणि ०१ बरोबर १० आणि ११ अशाही ओळी येणारच. त्या दोन्ही ओळींसमोर एकच नाव लिहिलेले असते : जळगाव.

या तंत्राचे सगळे मर्म या दुहेरी ओळीत आहे. तक्ता चार ओळींचा झाला, पण कप्पे तीनच आहेत. किती अंक पाहावे लागतात त्या संख्येला खोली (डेप्थ) म्हणतात : तक्त्याची खोली दोन, धुळे आणि नंदुरबार यांची स्वतःची खोली दोन, जळगावची एक. नंदुरबारच्या गाड्यांना एमएच ३९ हा नवा क्रमांक मिळाला, धुळ्याकडे १८ राहिला आणि जळगावच्या १९ क्रमांकाच्या पाटीला कोणी हातही लावला नाही. तसेच येथे न फुटलेल्या कप्प्यातली एकही नोंद हलत नाही. उद्या जळगावचा कप्पा भरून फुटला, तर तक्ता वाढवावा लागणार नाही, कारण १० आणि ११ या ओळी आधीच तयार आहेत. त्यांतली एक नव्या कप्प्याकडे वळवली की झाले. मात्र धुळ्याचाच कप्पा पुन्हा फुटला, तर तिसरा अंक पाहावा लागेल, तक्ता आठ ओळींचा होईल, आणि त्यांतल्या चार ओळींसमोर जळगाव व दोन ओळींसमोर नंदुरबार असे लिहावे लागेल. तक्ता दुप्पट होतो तो असा. पण तक्ता म्हणजे केवळ निर्देशांची यादी; तो दुप्पट करणे हे नोंदी हलवण्याच्या मानाने किरकोळ काम आहे.

(उपमा येथे थांबवतो. जिल्हे करताना शेजारचे तालुके एकत्र ठेवतात. हॅशिंगमध्ये शेजारच्या किल्ल्या मुद्दाम विखुरतात, आणि तसे नसते तर सगळी गर्दी एकाच कप्प्यात झाली असती. जळगाव जिल्ह्यातल्या पिनकोडचे पहिले तीन अंक पाहून कप्पे करायला गेलात तर सगळे ४२४ आणि ४२५ या दोनच कप्प्यांत जाऊन पडतील.)

या पद्धतीत कोणतीही नोंद फार तर दोन पाने वाचून मिळते, एक तक्त्याचे आणि एक कप्प्याचे. तक्ता मेमरीत मावला तर एकच. कप्पे सरासरी सुमारे ६९ टक्के भरलेले राहतात. तिची एक दुखरी बाजूही आहे आणि ती मी स्वतः भोगलेली आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कामात मी किल्ली म्हणून गावाचे नाव घेतले होते. एकाच गावच्या नोंदी कप्प्यात मावेनाशा झाल्या, प्रोग्रॅमने कप्पा फोडला, पण गाव एकच असल्याने सगळ्या नोंदींचे सगळे अंक तंतोतंत सारखे. त्या पुन्हा एकाच बाजूला गेल्या. प्रोग्रॅम पुन्हा फोडू लागला. प्रत्येक फोडीबरोबर तक्ता दुप्पट होत गेला आणि थोड्याच वेळात मशीन गप्प झाले. दहाव्या दुपटीला तक्ता १,०२४ ओळींचा असतो, विसाव्या दुपटीला साडेदहा लाखांच्या जवळ जातो आणि तिसाव्या दुपटीला १०७ कोटींच्या पुढे, हे मला त्या दिवसापासून पाठ आहे. एकाच किल्लीच्या नोंदी कप्प्यात मावत नसतील तर फोडून उपयोग नाही, त्यांना पुरवणी पानच जोडावे लागते. परीक्षेत हा मुद्दा लिहिणारे विद्यार्थी क्वचितच आढळतात.

आता लिट्विन यांची लिनियर हॅशिंग. त्यांनी तक्ताच काढून टाकला. लक्षात ठेवायचे फक्त दोन आकडे : सध्या कितवी फेरी चालू आहे आणि फुटण्याची पाळी कोणत्या कप्प्याची आहे. आणि पाळी म्हणजे पाळी! जो भरला तो फुटत नाही, ज्याचा नंबर आला तो फुटतो. रेशनच्या रांगेत जास्त भूक लागलेल्याला आधी धान्य मिळत नाही, तसेच. भरलेल्या कप्प्याला तेवढ्यापुरती पुरवणी जोडतात.

हे कागदावर करून पाहिल्याशिवाय पटत नाही, म्हणून करून दाखवतो. चार कप्पे घ्या, ० ते ३, आणि प्रत्येकात तीन खाती मावतात असे धरा. सोयीसाठी खाते क्रमांकाला ४ ने भागून येणारी बाकी हाच पत्ता. समजा कप्पा ० मध्ये १२, २८, ४० आहेत. कप्पा १ मध्ये ५, १७. कप्पा २ मध्ये १४, २२, ३०. आणि कप्पा ३ मध्ये ७, ११. पाळी शून्याची आहे. आता खाते ५० आले. बाकी २, पण कप्पा २ भरलेला. म्हणून ५० त्याच्या पुरवणीवर गेले आणि फुटला मात्र कप्पा ०. त्यातल्या खात्यांना आता ८ ने भागायचे : ४० ची बाकी ० म्हणून ते जागेवर, १२ आणि २८ यांची बाकी ४ म्हणून ते नव्या कप्पा ४ मध्ये. पाळी एकावर आली. पुढे ६३ आले आणि कप्पा ३ मध्ये मावले. नंतर ७१ आले, तेही तिसऱ्याचेच, पण जागा नाही, म्हणून पुरवणीवर. यावेळी फुटला कप्पा १, ज्यात १७ राहिले आणि ५ हे नव्या कप्पा ५ मध्ये गेले. पाळी दोनावर. मग ३४ आले. ते दुसऱ्या कप्प्याचे, तिथे आधीच पुरवणी आहे, आणि योगायोगाने पाळीही दुसऱ्याचीच. कप्पा २ फुटला : ५० आणि ३४ जागेवर राहिले, १४, २२, ३० नव्या कप्पा ६ मध्ये गेले आणि पुरवणी आपोआप गळून पडली.

शोधताना नियम असा : आधी ४ ने भागून बाकी काढा, ती पाळीच्या आकड्यापेक्षा लहान असेल, तर तो कप्पा या फेरीत फुटून गेलेला आहे, म्हणून ८ ने भागून पुन्हा बाकी काढा. पाळी ३ वर असताना २८ शोधायचे असेल तर बाकी ०, ती ३ पेक्षा लहान. ८ ने भागल्यास बाकी ४. कप्पा ४ मध्ये खाते सापडते. ७१ ची बाकी ३, ती पाळीपेक्षा लहान नाही, म्हणून थेट कप्पा ३ आणि त्याची पुरवणी. कप्पा ३ फुटला की फेरी संपते, आठ कप्पे होतात, पाळी पुन्हा शून्यावर येते आणि पुढच्या फेरीत ८ व १६ ने भागायचे. खऱ्या प्रोग्रॅममध्ये खाते क्रमांक तसाच न वापरता आधी हॅश फंक्शनने, म्हणजे आकडे विखुरणाऱ्या एका ठरावीक सूत्राने, घुसळून घेतात, आणि अनेकदा पुरवणी लागताच फोडण्याऐवजी एकूण भरणा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की एक कप्पा फोडतात.

वापरात दोन्ही आहेत. पोस्टग्रेस या डेटाबेसची हॅश अनुक्रमणिका (नोंद कुठे आहे हे सांगणारी सूची, म्हणजे इंडेक्स) आणि बर्कली डीबी या डेटाबेसचा हॅश प्रकार लिनियर पद्धतीवर बेतलेले आहेत. एर्लांग या प्रोग्रॅमिंग भाषेतले ईटीएस नावाचे, मेमरीत नोंदी ठेवणारे तक्तेही त्याच घराण्यातले. जीडीबीएम ही नोंदी साठवणारी प्रणाली एक्स्टेंडिबल पद्धत वापरते. गो भाषेच्या १.२४ या आवृत्तीत, २०२५ मध्ये, अंगभूत मॅपची, म्हणजे किल्ली दिली की नोंद देणाऱ्या साठ्याची, रचना बदलली तेव्हा मोठा मॅप १,०२४ जागांपर्यंतच्या छोट्या तक्त्यांत (येथे तक्ता म्हणजे डिरेक्टरी नव्हे, कप्पा) विभागून, भरलेला तेवढाच तक्ता फोडण्यासाठी एक्स्टेंडिबल हॅशिंगच घेतले. सेहेचाळीस वर्षांपूर्वीची कल्पना अशी पुन्हा कामाला आली. माझे मत विचाराल तर एकाच फाइलमध्ये शांतपणे वाढणाऱ्या नोंदींसाठी, म्हणजे रावेरच्या वाचकांसारख्या कामासाठी, लिनियर पद्धत बरी, कारण सांभाळायला तक्ता नाही. प्रत्येक शोध ठरावीक पानांतच झाला पाहिजे अशी सक्त अट असेल तर एक्स्टेंडिबल.

प्रश्न : डेटाबेसमध्ये बी-ट्री अनुक्रमणिका असतेच, तीही आपोआप वाढते. मग हॅशिंगचा खटाटोप कशाला? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : बहुतेक ठिकाणी खरोखरच गरज नसते. बायर आणि मॅक्रेट यांची १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेली बी-ट्री, म्हणजे झाडासारखी फांद्याफांद्यांची रचना, किल्ल्या क्रमाने ठेवते, म्हणून ‘खाते १०० ते २०० दाखवा’ किंवा ‘श्रावणातल्या पावत्या काढा’ अशी मागणी तिला सहज पुरवता येते. हॅशिंगला ती पुरवता येत नाही, कारण तिथे १०० आणि १०१ एकमेकांपासून कुठल्या कुठे असतात. हॅशिंग शोभते ते ‘नेमके हेच खाते आण’ एवढ्याच मागणीसाठी, आणि तेही नोंदी फार असतील व किल्ली लांबलचक असेल तेव्हा. पोस्टग्रेसमध्ये तर २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपूर्वी हॅश अनुक्रमणिकेतले बदल लॉगमध्ये, म्हणजे बिघाडानंतर सावरण्यासाठी ठेवलेल्या रोजनिशीत, लिहिलेच जात नसत, त्यामुळे मशीन अचानक बंद पडले की तिच्यावर विसंबता येत नसे. जुन्या लोकांच्या मनात तिच्याविषयी अढी आहे ती तेव्हापासूनची. आता तिला आधार उरलेला नाही.

प्रश्न : मिरचीच्या हंगामात आमच्या आडतीच्या ॲपवर ताण येतो. नोंदी चार सर्व्हरवर वाटलेल्या आहेत, पाचवा जोडायचा आहे. वरच्यासारखेच कप्पा फोडून चालेल का? (एक वाचिका, नंदुरबार)

उत्तर : येथे कप्पा म्हणजे अख्खे मशीन, त्यामुळे नोंद हलवणे म्हणजे ती नेटवर्कवरून पाठवणे; तेव्हा कमीत कमी नोंदी हलाव्यात ही निकड अधिक आहे. सध्या आपण क्रमांकाला ४ ने भागून बाकी घेत असाल आणि उद्या ५ ने भागू लागाल, तर वीस सलग क्रमांकांपैकी फक्त चार जागेवर राहतील. ऐंशी टक्के नोंदींची हलवाहलव, आणि तीही ऐन हंगामात, पथाऱ्यांवर मिरची वाळत असताना.

यासाठी ‘कन्सिस्टंट हॅशिंग’ ही पद्धत आहे, जी १९९७ मध्ये डेव्हिड कार्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. सर्व पत्ते एका वर्तुळावर मांडायचे, सर्व्हरही त्याच वर्तुळावर बसवायचे, आणि प्रत्येक नोंद तिच्यापुढे जो पहिला सर्व्हर येईल त्याच्याकडे द्यायची. पाचवा सर्व्हर वर्तुळावर बसला की तो फक्त आपल्या मागच्या टप्प्यातल्या नोंदी घेतो. बाकीच्यांना काही कळतही नाही. एकेका सर्व्हरला एकच जागा दिली तर वाटणी विषम होते, म्हणून प्रत्येकाला वर्तुळावर शंभर-दीडशे ठिकाणी बसवतात, आणि मग नवा सर्व्हर सर्वांकडून थोडे थोडे घेऊन सुमारे वीस टक्के नोंदी उचलतो. ॲमेझॉनच्या डायनॅमो या प्रणालीने २००७ च्या आपल्या निबंधात हीच रीत वापरल्याचे सांगितले आहे. आपण पाचवा सर्व्हर हंगामापूर्वीच जोडावा, आणि नोंदी सरकत असताना नव्या ठिकाणी न सापडलेली नोंद जुन्या ठिकाणी पाहण्याची सोय ठेवावी.

प्रश्न : नोंदी कमी झाल्या तर हे कप्पे पुन्हा एक होतात का? (एक वाचक, चोपडा)

उत्तर : शास्त्रात होतात. लिनियर पद्धतीत पाळी एक घर मागे आणून शेवटचा कप्पा त्याच्या मूळ जोडीदारात मिसळता येतो. वरच्या उदाहरणात कप्पा ६ पुन्हा कप्पा २ मध्ये. प्रत्यक्षात बहुतेक जण त्या भानगडीत पडत नाहीत, कारण आज रिकामी झालेली जागा पुढच्या हंगामात भरतेच. पोस्टग्रेसची हॅश अनुक्रमणिका तर आपणहून कधीच आकसत नाही. जागा परत हवी असेल तर ‘रीइंडेक्स’ची आज्ञा देऊन ती पहिल्यापासून रचावी लागते.